बहिणींच्या वाट्याचे भय

एखाद्या समाजाच्या भयकथांत कोणाची भुते उठतात हे समजून घ्यायचे असेल, तर त्या समाजात वाटणी कोणाकोणात होते ते आधी पाहावे. 'सख्खे भाऊ पक्के वैरी' ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, वाड्याच्या खणांवरून भाऊबंदकी होते आणि तिच्यातून जे रक्त सांडते तेच पुढे दंतकथा होऊन बसते. पुण्याच्या शनिवारवाड्यात ऐकू येते असे म्हणतात ती हाक ३० ऑगस्ट १७७३ रोजी मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्यांची, आणि ती ज्यांना उद्देशून आहे ते सख्खे काका आहेत. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटात वाड्यातल्या खजिन्यावर हक्क सांगणारा विनायक अनौरस का होईना, पण मुलगा आहे, आणि त्याची हाव त्याच्या मुलाकडे वारशाने जाते. या सगळ्या परंपरेत बहिणी कुठे आहेत? दोन बहिणी एकमेकींच्या जिवावर उठल्या, वाड्याच्या भिंतींनी ते पाहिले आणि त्या भिंती पुढे झपाटल्या गेल्या, अशी कथा मराठीत जवळपास सापडत नाही. मराठी बहिणी फार प्रेमळ असतात, हे त्याचे कारण खासच नव्हे. माझे म्हणणे असे, की बहिणींचे भय कोणते रूप घेते हे त्यांच्या स्वभावावरून ठरत नाही. त्यांच्यात वाटण्याजोगे काय ठेवले आहे, त्यावरून ते ठरते. हे तपासण्यासाठी एक चेक चित्रपट, एक मराठी चित्रपट, दिवाळीच्या रात्रीचा एक विधी आणि वारसा कायद्याची काही कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

चेक चित्रपट म्हणजे युराय हेर्त्स यांचा 'मोर्गियाना' (१९७२). तो रशियन लेखक अलेक्सांद्र ग्रिन यांच्या १९२९ सालच्या कादंबरीवर बेतलेला आहे. क्लारा आणि विक्टोरिए या दोन बहिणी. वडील वारतात, मृत्युपत्र उघडले जाते आणि मिळकतीचा मोठा भाग क्लाराच्या नावे निघतो. विक्टोरिएच्या पदरात दुय्यम वाटा पडतो. ज्या पुरुषावर विक्टोरिएचे मन बसले आहे तोही क्लाराकडेच ओढला जातो. विक्टोरिए बहिणीला हळूहळू भिनणारे विष देते. पुढचा चित्रपट म्हणजे क्लाराचे भास, विष विकणाऱ्या बाईची खंडणी आणि विक्टोरिएचा आपल्याच जाळ्यात अडकत जाण्याचा प्रवास. कथेचा हा सांगाडा कोणत्याही रहस्यकथेला शोभेल असाच आहे. चित्रपट वेगळा ठरतो तो दाखवण्याच्या रीतीमुळे. यारोस्लाव कुचेरा यांचा कॅमेरा रुंद कोनाच्या भिंगातून खोल्या वाकवतो, माणसांचे चेहरे कडेला ताणतो. मधूनच तो जमिनीलगत येऊन विक्टोरिएच्या सयामी मांजरीच्या नजरेने घर पाहू लागतो. चित्रपटाचे नाव या मांजरीचे आहे. ग्रिनच्या कादंबरीत ते एका बहिणीचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वेलबुट्टीदार सजावट, पिसांच्या टोप्या, आरसे, पडदे यांनी प्रत्येक चौकट इतकी भरलेली आहे, की मालमत्ता हेच या चित्रपटाचे नेपथ्य वाटावे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत काय असते, तर जे एकीला मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही ते.

दोन्ही बहिणी एकाच अभिनेत्रीने, इवा यांझुरोवाने, साकारल्या आहेत. क्लारा फिकट, मऊ रंगांत. विक्टोरिए काळ्या पोशाखात, जड रंगभूषेत. पण नाक तेच, हनुवटी तीच. या निवडीने चित्रपट एक विधानच करतो: या दोघींतला फरक रक्तात नाही, तो वरून चढवलेला आहे. हेर्त्स यांनी नंतर मुलाखतींत सांगितले, की त्यांच्या मूळ कल्पनेत क्लारा आणि विक्टोरिए या शेवटी एकच बाई निघणार होत्या, दुभंगलेल्या मनाची. स्टुडिओच्या वरिष्ठांना ते मान्य झाले नाही. १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतरचा तो काळ. दुभंगलेल्या मनाची नायिका ही तेव्हाच्या अधिकृत आशावादात बसणारी गोष्ट नव्हती. म्हणून पडद्यावर दोन स्वतंत्र बहिणी आल्या. एकच चेहरा मात्र दोघींना राहिला. मूळ कल्पनेची ही खूण काढून टाकणे कोणाला जमले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. दिग्दर्शकालाच जर ही एका मनाची कथा करायची होती, तर मृत्युपत्र हे केवळ निमित्त ठरते. खरा विषय मानसशास्त्राचा, वाटणीचा नव्हे. मला हे दोन्ही एकमेकांविरुद्ध जाताना दिसत नाही. मन दुभंगले असे मानले, तरी ते कुठल्या रेषेवर दुभंगले हे विचारावेच लागते. ते दुभंगले आहे ते लाडक्या मुलीच्या आणि नावडत्या मुलीच्या सीमेवर, आणि ती सीमा वडिलांच्या कागदाने आखली आहे. 'जिला मिळाले ती मी' आणि 'जिला डावलले ती मी' अशी एकाच चेहऱ्याची दोन माणसे होणे हा वारसाच्या अन्यायाचाच अंतर्मनातला हिशेब आहे. दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. १९४८ नंतरच्या चेकोस्लोव्हाकियात किल्ले-वाडे सरकारजमा झाले होते, मोठी खासगी मिळकत उरलीच नव्हती. मग वाटणीवरून उठणारी भीती तिथल्या प्रेक्षकाला कशी भिडावी? याचे उत्तर भयकथेच्या स्वभावातच आहे. भयकथा नेहमी नुकत्याच मोडलेल्या व्यवस्थेत घर करते. इंग्लंडमध्ये ती ओस पडलेल्या मठांत गेली, आपल्याकडे पेशवाईच्या पडक्या वाड्यांत. ज्या पिढीने आजोबांच्या घराला सरकारी कुलूप लागलेले पाहिले, तिला मृत्युपत्रावरून खून करणारी काळ्या पोशाखातली बाई परकी वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय कथा घडते ती ग्रिनने कल्पिलेल्या, कुठल्याच नकाशात नसलेल्या किनाऱ्यावर. त्यामुळे ती कोणत्याही राजवटीत सांगता येत होती.

आता मराठीकडे वळू. एका नटाने दोन भूमिका करण्याची भारतीय चित्रपटातली पहिली ठळक घटना मराठी माणसाच्याच हातून घडली. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके हे राम आणि सीता असे दोघेही झाले होते. पण तिथे एक चेहरा दोघांना मिळाला तो सोय म्हणून. पाहणाऱ्याने तो विसरावा अशीच अपेक्षा होती. एकच चेहरा हाच प्रश्न बनून उभा राहतो तो राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) मध्ये. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा हा चित्रपट. भावना आणि डॉ. काशिनाथ घाणेकर प्रमुख भूमिकांत, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. एका वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते. थोड्याच काळाने गुन्हेगारांच्या संगतीत पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री 'मीच तुमची बायको' म्हणून पुढे येते. खटला उभा राहतो. शेवटी उलगडते ते जुळ्या बहिणीचे गुपित. राज खोसला यांनी हीच कथा हिंदीत 'मेरा साया' (१९६६) म्हणून नेली आणि साधनाने दोन्ही भूमिका केल्या. तमिळमध्ये ती 'इदय कमलम्' (१९६५) झाली. एका मराठी कथेने तीन भाषांत प्रेक्षक खेचावा, याचा अर्थ ती भीती केवळ एका लेखकाची नव्हती.

पण ती भीती नेमकी कसली? 'मेरा साया'त ती सर्वांत स्पष्ट दिसते. इथे बहिणीला विष घालायचे नाही, वडिलांचे मृत्युपत्र नाही. वाटणीला आलेली वस्तू एकच आहे: बायको म्हणून घरातली जागा. एक बहीण ती जागा मिळवून बसली आहे आणि दुसरीचे अस्तित्वच तिने नवऱ्यापासून लपवले आहे. दुसरी आसऱ्याला येते आणि योगायोगाने त्या जागेवर, त्या पलंगावर, त्या नवऱ्याच्या मिठीत मरते. खरी बायको मात्र बाहेर फेकली जाते आणि आपण आपणच आहोत हे तिला न्यायालयात सिद्ध करावे लागते, तेही संसारातल्या अशा आठवणी सांगून, ज्या फक्त त्या दोघांना ठाऊक असाव्यात. पुरावा कशाचा मागितला जातो पाहा: घराच्या मालकीचा कोणी विचारत नाही, विचारतात ते पत्नीपणाचे. राज खोसलांच्याच 'वह कौन थी?' (१९६४) मध्ये तर हे आणखी उघडे आहे. तिथेही साधना जुळ्या बहिणींच्या भूमिकेत, तिथेही पांढऱ्या साडीतली गूढ आकृती. पण डाव रचला जातो तो नायकाला मिळणाऱ्या वारशासाठी, आणि तो रचणारा पुरुष आहे. इस्टेट पुरुषांमध्ये फिरते. एकसारख्या चेहऱ्याच्या बहिणी त्या खेळातल्या सोंगट्या. विक्टोरिए स्वतःच्या वाट्यासाठी खून करायला निघते. आपल्या पडद्यावरच्या बहिणीला स्वतःचा असा वाटाच नाही.

हा फरक दिग्दर्शकांच्या कल्पनाशक्तीचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच्या पाठीशी जुनी व्यवस्था आहे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नावर बंदी आली ती १९४६ च्या कायद्याने, देशभर ती आली १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. त्याआधी एका घरात दोन बायका असणे हा रोजचा अनुभव होता, आणि पहिली वारली तर तिच्याच धाकट्या बहिणीला त्या घरात देणे ही रीत अगदी अलीकडेपर्यंत चालत आली. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीची प्रतिमा असलेला टाक घालण्याची चालही महाराष्ट्रात अनेक घरांत होती, हेतू हा की गेलेली सवत राहिलेलीला झपाटू नये. हा एवढासा चांदीचा तुकडा मला मराठी भयाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. मेलेल्या बाईचे भूत तिजोरीपाशी येत नाही. ते आपल्या जागेवर बसलेल्या बाईच्या मानेशी येते. १९५५ नंतर कायद्याने ही जागा एकच केली. त्यानंतर नऊ वर्षांनी एकाच चेहऱ्याच्या दोन बायकांतली ती एक जागा कोणाची हे न्यायालयात ठरते, हे मी तरी निव्वळ योगायोग म्हणून वाचत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली बहिणींची जोडी आपण दर दिवाळीत घरात आणतो. पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात लक्ष्मीच्या थोरल्या बहिणीची, ज्येष्ठेची, गोष्ट येते. समुद्रमंथनातून ती लक्ष्मीच्या आधी निघाली. विष्णूने लक्ष्मीला मागणी घातली तेव्हा लक्ष्मी म्हणाली, थोरलीचे आधी उरकल्याशिवाय धाकटीचे कसे होईल? म्हणून ज्येष्ठा उद्दालक ऋषीला दिली गेली. जिथे वेदघोष चालतो, अतिथीचा सत्कार होतो अशा आश्रमात तिला राहवेना. भांडणतंटा, अस्वच्छता, उपासमार असेल तिथेच मला सुख, असे ती म्हणाली. ऋषीने तिला पिंपळाखाली बसवले आणि तो परत आलाच नाही. लक्ष्मी शनिवारी तिला भेटायला येते, म्हणून पिंपळाला शनिवारी स्पर्श करावा असे सांगितले जाते. ही कथा वैराची म्हणून सांगितली जाते खरी, पण तिच्यात वैर शोधूनही सापडत नाही. उलट थोरलीचे लग्न व्हावे म्हणून धाकटी अडून बसते, तिला भेटायला येते. दोघींना वेगळे करतो तो लग्नाचा बाजार: एकीला वैकुंठ, एकीला पिंपळाचा पार. पुढे हीच टाकलेली थोरली अलक्ष्मी होते. कमलाकरभट्टांच्या 'निर्णयसिंधू'त (१६१२) लक्ष्मीपूजनानंतर मध्यरात्री घरोघरच्या बायकांनी सुपे आणि डिंडिम वाजवत अलक्ष्मीला अंगणातून हाकलावे असा विधी आलेला आहे. हाकलणाऱ्या बायकाच आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे. घरात जागा मिळालेल्यांनी जागा न मिळालेलीला बाहेर घालवण्याचा हा विधी आहे. 'मोर्गियाना'तल्या मृत्युपत्राचे काम इथे सूप करते.

पण याच परंपरेने दुसरी वाटही जपली आहे. भाद्रपदात विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. तिथे थोरलीला कोणी हाकलत नाही. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहतात. दोघींना शक्यतो एकाच वाणाच्या साड्या, सारखे दागिने, एकच नैवेद्य. दोघींत डावे-उजवे होऊ नये याची काळजी घरची बाई डोळ्यांत तेल घालून घेते. सारखा वाटा मिळाला की तीच ज्येष्ठा पूज्य होते आणि तिचे भय उरत नाही. आमच्या मावळात तर बहिणींचे तिसरेच रूप दिसते. वराळ्यापासून कार्ल्यापर्यंत इंद्रायणीच्या काठाने, डोहांपाशी, ओढ्यांच्या उगमाशी शेंदूर फासलेले दगड ओळीने मांडलेले असतात. त्या साती आसरा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मध्ये मावळातल्या मातृदेवतांचा मागोवा घेताना नोंदवले, की पाण्याच्या या देवता नेहमी अनेकवचनातच असतात. त्यांना वेगळे चेहरे नसतात. त्या डोहात माणूस ओढतात, बाळंतिणीला धरतात. पण आपसांत भांडतात अशी कथा नाही. सगळे पाणी सगळ्यांचे, वाटणीला काहीच नाही, म्हणून वैरही नाही. गोव्यात याच्या उलट झाले. तिथल्या सात बहिणींना, लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई वगैरेंना, प्रत्येकीला आपापले गाव मिळाले. हिस्से ठरले, तसे शिष्टाचारही ठरले. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला लोक मिराबाई म्हणून त्यांच्यातलीच एक मानतात, आणि लईराईच्या देवळातून फुले व चर्चकडून तेल अशी देवाणघेवाण धर्माची भिंत ओलांडून चालू राहते. उघड वाटणी, न झालेली वाटणी आणि अन्यायाची वाटणी: बहिणीबहिणींतले भय फक्त तिसरीतून उठते.

यावर कोणी म्हणेल, मराठीत बायकांच्या भुतांची कमी कुठे आहे? हडळ आहे, जखीण आहे. नारायण धारपांपासून रत्नाकर मतकरींपर्यंत भयकथेत बायकांचा वावर आहे, आणि त्यात इस्टेटीचा संबंध दर वेळी नसतो. हे मान्य. पण लोकपरंपरेतली हडळ कोण असते ते पाहिले तर ती बाळंतपणात गेलेली, संसार अर्धवट टाकून गेलेली. तिचा दावाही घरातल्या जागेवरच आहे. आणखी एक आक्षेप असा, की बहिणीबहिणींतला हेवा जगभर सारखाच; रूप, बुद्धी, आईबापांचा लाड यांवरून तो होतोच, त्याला कायदा कशाला हवा? हेवा सगळीकडे सारखा असेल, पण हेव्याची कथा सारखी नसते. तोच हेवा प्रागमध्ये विषाची बाटली होतो, मुंबईच्या स्टुडिओत तो न्यायालयातला पिंजरा होतो, डोहाकाठी तो निर्माणच होत नाही. जे सगळीकडे सारखे आहे त्याने हा फरक समजावता येत नाही; तो समजावायला बदलणारी गोष्टच शोधावी लागते, आणि बदलते ती वाटणी.

म्हणूनच गेल्या सत्तर वर्षांत वारसा कायद्यात जे झाले ते भयकथेच्या अभ्यासकानेही वाचायला हवे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने आणले, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मुलाचाच राहिला. त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने राहत्या घराबाबत मुलीचे हात बांधले: पुरुष वारसांनी वाटप मागेपर्यंत तिला ते मागता येत नव्हते, आणि त्या घरात राहण्याचा हक्क होता तो अविवाहित, टाकलेल्या, विभक्त वा विधवा मुलीलाच. म्हणजे वाडा, जी भयकथेची रंगभूमी, तिच्यावर बहिणीला पाय ठेवता येत होता तो संसार मोडल्यावर किंवा मांडलाच नसेल तर. महाराष्ट्राने १९९४ साली यात दुरुस्ती केली आणि मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हिस्सेदार, केले. देशात हे पाऊल लवकर उचलणाऱ्या राज्यांत आपण होतो. पण २२ जून १९९४ पूर्वी ज्यांचे लग्न झाले त्या मुलींना त्यातून वगळले. याचा परिणाम काय होतो ते पाहा. एकाच बापाच्या दोन मुली. थोरलीचे लग्न १९९३ मध्ये, धाकटीचे १९९५ मध्ये. धाकटीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मसिद्ध हिस्सा, थोरलीला तो नाही. ज्येष्ठा आणि कनिष्ठेची कथा विधानसभेने पुन्हा लिहिली, फरक एवढाच की या वेळी थोरलीचे आधी उरकल्याची शिक्षा थोरलीला झाली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद आणि तेविसावे कलम दोन्ही गेले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मापासूनचाच आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. पण मधली अकरा वर्षे महाराष्ट्रात सख्ख्या बहिणींमध्ये लग्नाच्या तारखेने रेघ ओढली गेली होती.

या रेघेला मावळात फार मोठी किंमत आली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात २००८ साली जनरल मोटर्सचा मोटार कारखाना उभा राहिला, लोणावळ्याच्या डोंगरउतारांवर दुसऱ्या घरांचे बंगले चढले. वराळे, आंबी, इंदोरीसारख्या गावांत जी जमीन भाताच्या खाचराच्या हिशेबात मोजली जायची ती गुंठ्यांच्या भावात बोलू लागली. बाप गेला की वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागतात आणि मग हक्कसोडपत्राची बोलणी सुरू होतात. भावाला हिस्सा सोडून देणारी बहीण माहेर टिकवते, सही नाकारणारी ते गमावते, अशी आपली सामाजिक समजूत आहे. भाऊबीजेची ओवाळणी आणि साडीचोळी हे तिचे दृश्य रूप. यात भावाबहिणीचा ताण सगळ्यांना दिसतो. ज्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही तो ताण बहिणीबहिणींतला आहे. तीन बहिणींपैकी दोघींनी सही केली आणि तिसरीने केली नाही, तर माहेरचा रोष तर तिच्यावर येतोच; सही केलेल्या बहिणीही तिला वेगळी पाडतात, कारण तिच्या नकाराने त्यांच्या होकाराचे मोल विचारले जाऊ लागते. एक चांगली, एक हावरी. एक माहेरची, एक परकी. एकाच चेहऱ्याच्या मुलींना हे दोन मुखवटे एका मुद्रांकित कागदावरून वाटले जातात. क्लारा आणि विक्टोरिए अशाच तयार होतात.

शेवटचा आक्षेप वाङ्मयाच्या बाजूने येईल: कायदा बदलला म्हणून भुते बदलत नाहीत, असे तंटे दिवाणी न्यायालयात तारखा घेत संपतात, त्यांची कथा होत नाही. तात्काळ होत नाही हे खरे. कल्पनाशक्ती कायद्याच्या मागून, सावकाश येते. कुळकायदा देशावर १९४८ चा, विदर्भात १९५८ चा. त्याने वऱ्हाडातल्या आणि देशावरच्या वतनदार घरांच्या पायाखालची जमीन काढून घेतली. पण त्या घरांचे पोकळ होत जाणे मराठी रंगभूमीवर संपूर्णपणे उतरले ते महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त, १९८५ साली. त्या नाटकात भूत नाही, तरी त्याइतका झपाटलेला वाडा मराठीत दुसरा नसेल. आणि त्या वाड्यातली प्रभा, शिकायची इच्छा असून न शिकवलेली, लग्न न होता घरातच राहिलेली बहीण, ही आपल्याकडची विक्टोरिए होण्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. ती कोणाला विष देत नाही, कारण बहिणीच्या नावे काही निघाले आणि तिच्या नावे नाही, असे तिथे घडतच नाही. वाटणीचे बोलणे भावांमध्ये होते आणि ती धरलीच जात नाही. कुळकायद्याला रंगमंचावर पोचायला सुमारे तीन दशके लागली, हे प्रमाण मानले तर १९९४ आणि २००५ च्या कायद्यांची भयकथा आता कुठे लिहिली जाण्याच्या वयात येते आहे.

ती लिहिणाऱ्याला 'मोर्गियाना'कडून काय घेता येईल? वेलबुट्टीचे पडदे आणि सयामी मांजर नव्हे. घेण्यासारखी आहे ती एकाच चेहऱ्याची शिस्त: चांगल्या बहिणीला सुंदर आणि वाईट बहिणीला कुरूप करून मोकळे व्हायचे नाही, दोघींना एकच बाई मानून मग विचारायचे, की हिला अशी दोन कोणी केली. घेण्यासारखे आहे ते मृत्युपत्रापासून, म्हणजे कागदापासून, भयाची सुरुवात करण्याचे धैर्य; आपल्याकडे तो कागद फेरफार असेल नाहीतर हक्कसोडपत्र. 'पाठलाग'कडून घ्यायचा तो न्यायालयाचा प्रसंग, फक्त या वेळी बहिणीने बायको असल्याचा पुरावा द्यायचा नाही, वारस असल्याचा द्यायचा. भीतीदायक बहीण मराठी पडद्यावर दिसली, तर काहींना ती नाती बिघडल्याची खूण वाटेल. मला ती उलटी खूण वाटते. खलनायिका व्हायलाही आधी स्वतःचा हिस्सा लागतो, तो हिरावला जाण्याचा राग लागतो, आणि तो राग ऐकून घेणारे घर लागते. भावांना हे सारे पेशवाईपासून मिळत आले. म्हणून त्यांची वैरे इतिहास झाली आणि त्यांची भुते वाड्यांत राहिली. बहिणींचे नाव सातबाऱ्यावर आत्ता कुठे लागले आहे. त्यांच्या भयकथांना उशीर झाला तो वाटणीला उशीर झाला म्हणून, आणि जिथे वाटणी अजूनही सहीच्या आग्रहाने पुसली जाते तिथे त्या कथा अधिक काळ्या होऊनच येतील.